ब्रश धुवायच्या पाण्यावरून आकाशगंगेचा इतिहास

मार्च २०२४ मध्ये एक बातमी बरीच फिरली, की आकाशगंगेत म्हणे ‘शक्ती’ आणि ‘शिव’ सापडले. नावं अशी म्हटल्यावर ती फॉरवर्ड भरपूर झाली, वाचली किती जणांनी ते माहीत नाही. झालं होतं एवढंच, की जर्मनीत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेतल्या ख्याती मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स या दोन शास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे दोन जुनाट समूह ओळखले आणि त्यांना ती नावं दिली. त्यांचं म्हणणं असं की हे तारे १२ ते १३ अब्ज वर्षांपूर्वी जन्मले, आणि आपली आकाशगंगा सुरुवातीला ज्या तुकड्यांपासून जोडली गेली त्यातले हे दोन तुकडे असावेत.

आता प्रश्न असा पडतो की हे कळलं कसं. तारा म्हणजे नुसता एक ठिपका, मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा बहुतेक तारे ठिपकेच दिसतात, तिथे जाऊन कोणी नमुना आणलेला नाही. मग त्या ठिपक्याचं वय काय, तो मूळचा इथलाच की बाहेरून आलेला, हे सांगतात कशाच्या जोरावर?

जुना प्रकाश म्हणजे जुना तारा, असं नाही

बहुतेक जण इथे एक अंदाज बांधतात, की तारे लांब असतात, प्रकाश यायला वेळ लागतो, म्हणजे आपण भूतकाळच बघतोय, म्हणून जुनं सगळं कळतं. दुसऱ्या दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या इतर प्रचंड वस्त्यांच्या बाबतीत हे खरंच आहे, त्यातल्या काहींचा प्रकाश अब्जावधी वर्षं प्रवास करून पोचतो. पण आपल्या आकाशगंगेची तबकडी आहे साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद, त्यामुळे इथल्या ताऱ्याचा प्रकाश काही शे किंवा काही हजार वर्षं जुना असतो, फारच लांबचा तारा असेल तर लाखभर. १३ अब्ज वर्षांपुढे लाखभर वर्षं म्हणजे ७५ वर्षांच्या आजोबांचा पाच तासांपूर्वी काढलेला फोटो. त्यात त्यांचं बालपण कुठून दिसणार!

जुना आहे तो तारा स्वतः. आणि त्याच्या अंगावरचा गॅस जन्माच्या वेळी होता तसाच जवळपास अजून आहे, सगळी भिस्त यावर.

ब्रशचं पाणी

वॉटरकलरने चित्र काढताना शेजारी पाण्याचा ग्लास असतो ना, ब्रश बुचकळायला, तो आठवा. सुरुवातीला पाणी स्वच्छ असतं, मग पिवळा ब्रश बुडतो, मग लाल, जरा वेळाने निळा, आणि तासाभराने त्या पाण्याला जो रंग येतो त्याला नाव नसतं. आता समजा कोणीतरी मधूनमधून त्यातलं चमचाभर पाणी काढून छोट्या छोट्या बाटल्यांत भरलं, घट्ट बुचं लावली, पण वेळ लिहायला विसरला. नंतर या बाटल्या तुमच्या हातात आल्या तर क्रम लावता येईल का? बऱ्यापैकी येईल. फिकट त्या आधीच्या, गढूळ त्या नंतरच्या, आणि जिच्यात पिवळा आहे पण निळ्याचा पत्ता नाही ती निळा ब्रश बुडायच्या आधीची.

आकाशगंगेतला गॅस म्हणजे ते ग्लासातलं पाणी. मरणारे तारे म्हणजे ब्रश, ते मरताना नवीन मूलद्रव्यं गॅसमध्ये सोडतात. आणि त्याच गॅसमधून जे छोटे तारे तयार होतात त्या बाटल्या.

छोटेच का, तर मोठे तारे उधळे असतात, इंधन भसाभसा जाळून फार तर काही कोटी वर्षांत संपतात. सूर्याच्या ०.८ पट वजनाचा तारा मात्र इतका काटकसरी असतो की १३ अब्ज वर्षांपूर्वी जन्मलेला अजून शांतपणे जळतोय. त्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होत राहतं पण ते पोटातलं पोटातच राहतं, बाहेरच्या थरात येऊन मिसळत नाही, म्हणून बाहेरचा थर म्हणजे जन्माच्या वेळचं पाणी, बूच लावलेलं.

बूच न उघडता आत काय आहे ते कसं कळणार

ऑग्युस्त कोम्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहून टाकलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. बिचाऱ्याचं टायमिंग फार वाईट होतं, कारण उत्तर तोपर्यंत कागदावर उतरलेलं होतं, फक्त कोणाला वाचता येत नव्हतं. १८१४ मध्ये योझेफ फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने सूर्यप्रकाश प्रिझममधून पसरवून बारकाईने पाहिला तर त्या रंगीत पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, मध्ये मध्ये बारीक काळ्या रेघा दिसल्या. एकदोन नाही, पाचशेच्या वर मोजल्या त्याने.

या रेघा म्हणजे काय ते १८५९ च्या सुमाराला किर्चहॉफ आणि बुन्सन या दोन शास्त्रज्ञांनी शोधलं, आणि योगायोग बघा, तेही हायडेलबर्गमध्येच. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनना ठरावीक पायऱ्या असतात, एका पायरीवरून दुसरीवर चढायला ठरावीक रंगाचाच प्रकाश लागतो, बाकीच्या रंगांना तो अणू हातही लावत नाही. ताऱ्याच्या आतून सगळ्या रंगांचा प्रकाश वर येतो आणि बाहेरच्या थरातले अणू आपापले रंग त्यातून काढून घेतात. वर्णपट म्हणजे एक लांबलचक कंगवा समजा, तर प्रत्येक मूलद्रव्य त्याचे आपले ठरलेलेच दात तोडतं. सोडियम पिवळ्या भागातले दोन दात तोडतं, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरचे, अगदी शेजारी शेजारी. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा रंग तोच, फक्त तिथे प्रकाश गिळला न जाता बाहेर पडत असतो. लोखंड तर हजारो दात तोडतं.

या दोघांबद्दल एक किस्सा सांगतात, की लांब मानहाइम शहरात आग लागली होती आणि यांनी हायडेलबर्गच्या खिडकीतूनच उपकरण रोखून त्या ज्वाळांमध्ये बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखलं. मग वाटलं, एवढ्या लांबची आग वाचता येते तर सूर्य का नाही. स्ट्रॉन्शियम लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आणि ही पद्धत किती पक्की आहे बघायचं तर हेलियम घ्या. १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या निमित्ताने सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली जी ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. नवीन मूलद्रव्य असणार असं म्हणून नाव दिलं हेलियम, आणि पृथ्वीवर ते हाताला लागलं १८९५ मध्ये!

रेघ फिकी म्हणजे माल कमी, असं धरून चालत नाही

इथे भले भले फसलेत. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या, कॅल्शियमच्या रेघा ठसठशीत दिसतात, त्यामुळे अनेक वर्षं समज होता की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा आहे, फक्त तापलेला. पण अणू कुठल्या पायरीवर बसलाय हे तापमानावर ठरतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हायड्रोजनला गिळायचा असेल तर आधी दुसऱ्या पायरीवर असावं लागतं, आणि सूर्याच्या पृष्ठभागाच्या साडेपाच हजार अंशांना तिथे फारच थोडे अणू पोचतात, त्यामुळे ढिगाने हायड्रोजन असूनही रेघा त्या मानाने बेताच्या.

तापमान आणि दाबानुसार किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील याचं गणित मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं. ते वापरून सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ च्या आपल्या प्रबंधात हिशोब केला तर उत्तर आलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत. त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अजिबात पटलं नाही, आणि तिला स्वतःच्याच प्रबंधात हा आकडा बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि मान्य केलं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात चुटपुट लावणारा भाग हाच.

आज आपण म्हणतो की वजनाने सूर्यात ७४ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन, पाव हिस्सा हेलियम, आणि बाकी सगळं मिळून दीड टक्का. या उरलेल्या दीड टक्क्याला खगोलशास्त्रज्ञ सरसकट ‘धातू’ म्हणतात, ऑक्सिजन आणि कार्बनलासुद्धा! केमिस्ट्रीवाले वैतागतात पण आता पद्धतच पडलीय. पुढे मी ‘धातू’ म्हटलं की हाच अर्थ घ्या.

कुठला रंग कोणी कधी टाकला

महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, पहिल्या काही मिनिटांत जे तयार झालं ते म्हणजे तीन हिस्से हायड्रोजन, एक हिस्सा हेलियम आणि किंचित लिथियम. हे ग्लासातलं स्वच्छ पाणी. बाकी जवळजवळ सगळं पुढे ताऱ्यांनी केलंय. नुसता तर्क नाही हा, १९५२ मध्ये पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञाला काही लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम दिसलं. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे, सगळ्यात टिकाऊ प्रकारसुद्धा साधारण ४२ लाख वर्षांत अर्धा होतो, म्हणजे जन्माच्या वेळचं असतं तर कधीच संपलं असतं. तारा ते आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत बनवत होता.

आता ब्रश बघू. पहिला ब्रश म्हणजे सूर्याच्या आठपटीहून जड तारे. यांचं आयुष्य वीस-तीस लाखांपासून तीन-चार कोटी वर्षांपर्यंत, म्हणजे खगोलाच्या हिशोबात चुटकीसरशी, आणि मरताना सुपरनोव्हा नावाचा स्फोट होतो. त्यातून ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरपूर बाहेर पडतं, लोखंड थोडं. दुसरा ब्रश आळशी आहे. सूर्यासारखे मध्यम तारे मेले की मागे एक घट्ट गोळा उरतो, श्वेत बटू म्हणतात त्याला. त्याला जोडीदार असेल आणि जोडीदाराकडून माल मिळत गेला किंवा दोघांची टक्कर झाली तर तो एक दिवस फुटतो, आणि यातून निघतं मुख्यतः लोखंड. पण हा दिवस उजाडायला निदान काही कोटी, कधी कधी कित्येक अब्ज वर्षं लागतात.

दोन ब्रशच्या वेळांमधला हा फरक म्हणजेच घड्याळ. ताऱ्यात लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त दिसलं तर तो दुसरा ब्रश नीट बुडायच्या आधी भरलेला, मॅग्नेशियमचा वाटा कमी दिसला तर नंतरचा. आकाशगंगेत हे खरोखर दोन गटांत दिसतं, तबकडीचा जो जाड फुगीर थर आहे त्यातले तारे मॅग्नेशियमवाले आणि म्हातारे, आणि सूर्य ज्यात आहे त्या पातळ थरातले तारे सहसा नंतरचे.

आणखीही ब्रश आहेत, म्हातारे लाल तारे बेरियम टाकतात वगैरे, ते सगळं सांगत बसत नाही. पण एक सांगायलाच हवा. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे जड तारे फुटल्यावर मागे उरणाऱ्या अतिघट्ट गोळ्यांच्या टकरीची गुरुत्वीय लहर (अवकाशातच उठलेली लाट) पकडली गेली आणि दुर्बिणी तिकडे वळल्या. त्या टकरीच्या उजेडात २०१९ मध्ये कोणतं मूलद्रव्य ओळखलं माहितेय? स्ट्रॉन्शियम, मानहाइमच्या आगीतलं तेच!

आणि लोखंडाच्या बाबतीत सगळ्यात फिकट बाटली? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीच्या कामातून एक तारा पुढे आला, त्याच्यात लोखंडाची एकही रेघ सापडेना. म्हणजे सूर्यात जेवढं लोखंड आहे त्याच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. बहुधा एकाच आद्य ताऱ्याच्या एकाच स्फोटाने रंगलेल्या पाण्यातून तो झाला असावा. धातू अजिबातच नसलेला तारा मात्र अजून तरी कोणाला मिळालेला नाही.

पण नंतर वरून काही पडलं असेल तर?

रास्त शंका आहे. बूच शंभर टक्के घट्ट नसतं. लिथियम ताऱ्याच्या आतल्या उष्णतेत नष्ट होतं, जड अणू हळूहळू खाली बसतात, तारा म्हातारा होऊन फुगला की आतला माल ढवळून वर येतो आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बदलतं, एखादा तारा स्वतःचा ग्रहसुद्धा गिळतो. पण कुठल्या अवस्थेत काय किती बदलतं याचा अंदाज असल्यामुळे त्या त्या मूलद्रव्यावर विसंबायचं नाही किंवा दुरुस्ती करायची, असं चालतं. मॅग्नेशियम आणि लोखंड हे त्यातले बऱ्यापैकी भरवशाचे गडी.

आणि मधली धूळ-गॅस? तोही रेघा उमटवत असेल की? उमटवतो ना. १९०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस हार्टमान मृग नक्षत्रातला, बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एक तारा बघत होते. ती खरं तर एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे, त्यामुळे तिच्या रेघा तारा लांब जाताना लाल बाजूला तर जवळ येताना निळ्या बाजूला सरकतात, पण कॅल्शियमची एक रेघ ढिम्म हलेना. म्हणजे ती ताऱ्याची नव्हतीच, वाटेतल्या गॅसची होती. कंगव्याचे तुटके दात सगळे एकत्र सरकतायत आणि एकच जागेवर आहे म्हटल्यावर तो परका, इतकं सोपं.

मग फिकट बाटल्या जास्त का नाहीत?

१९६० च्या दशकात ही शंका खगोलशास्त्रज्ञांनी स्वतःच काढली. सुरुवातीला एकदाच गॅस भरला आणि त्यातूनच तारे होत गेले असं धरून गणित केलं तर सूर्याच्या आसपास कमी धातूचे छोटे तारे जेवढे निघायला हवेत, त्यापेक्षा खूपच कमी निघतात. ते मरून जाणारेही नाहीत, काटकसरी आहेत, मग गेले कुठे? याचं आज सगळ्यात जास्त मानलं जाणारं उत्तर असं की ग्लास सुरुवातीला भरलेलाच नव्हता. तळाशी थोडं पाणी होतं, ते पटकन रंगलं, आणि वरून स्वच्छ पाण्याची बारीक धार अब्जावधी वर्षं पडत राहिली. म्हणजे आकाशगंगा बाहेरून गॅस ओढत मोठी झाली.

दुसऱ्याच ग्लासातल्या बाटल्या

नुसता गॅस नाही, अख्ख्या दीर्घिका ओढल्यात तिने. छोट्या दीर्घिकेत तारे सावकाश होतात, त्यामुळे पाणी अजून फिकट असतानाच आळशी ब्रश येऊन पोचतो. म्हणून तिथल्या ताऱ्यांत लोखंड तेवढंच असलं तरी मॅग्नेशियम कमी भरतं. गर्दीत बोलण्याच्या लहेजावरून परगावचा माणूस ओळखू यावा तसं हे.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय यानाने जवळजवळ दोन अब्ज ताऱ्यांच्या जागा मोजल्या आणि बहुतेकांच्या हालचालीही. त्याच्या आकड्यांवरून २०१८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की सूर्याच्या परिसरात तबकडीचे नसलेले असे तारे आहेत ज्यांचे मार्ग अतिलांबट आहेत, केंद्राकडे सूर मारतात आणि परत लांब जातात, आणि रसायन तपासलं तर लहेजा परगावचा. साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आपल्यात येऊन मिसळली, तिचे हे अवशेष. एका गटाने तिला गाया-एन्सेलाडस असं भारदस्त नाव दिलं, दुसऱ्याने आलेखातला आकार बघून गाया सॉसेज म्हटलं, आता दोन्ही नावं चालतात.

हे लाखो वर्णपट घेतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. अपोजी नावाच्या प्रकल्पात कित्येक वर्षं अॅल्युमिनियमच्या मोठ्या गोल चकत्या वापरायचे, आकाशाच्या ज्या भागाकडे दुर्बीण रोखायची तिथल्या ताऱ्यांच्या नेमक्या जागी भोकं पाडलेली, आणि दिवसा माणसं बसून प्रत्येक भोकात एकेक ऑप्टिकल फायबर हाताने खोचायची, एका चकतीत ३००. रात्री प्रत्येक फायबरमध्ये एका ताऱ्याचा उजेड. आता ते काम रोबो करतात. धुळीआडचं दिसावं म्हणून अपोजी इन्फ्रारेड प्रकाश वापरतं. ऑस्ट्रेलियातल्या गालाह प्रकल्पाने २०२४ मध्ये नऊ लाखांच्या वर ताऱ्यांची मूलद्रव्यवार मोजमापं खुली केली.

वय मात्र अवघड. रसायन क्रम सांगतं, वर्षं सांगत नाही. त्यासाठी तारा हायड्रोजन संपवून फुगायला लागतो त्या छोट्याशा टप्प्यावर पकडावा लागतो, तिथे त्याच्या चकाकीवरून वय बरंच नेमकं निघतं. २०२२ मध्ये अशा सुमारे अडीच लाख ताऱ्यांवरून उत्तर आलं की जाड थर बनायला १३ अब्ज वर्षांपूर्वीच, महास्फोटानंतर जेमतेम ८० कोटी वर्षांत सुरुवात झाली होती.

मग शक्ती आणि शिव?

त्यांच्या ताऱ्यांत धातू कमी आहेत आणि हालचालीत ते दोन वेगळे घोळके दिसतात, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हा दावा. पण शोधनिबंधाच्या मथळ्यातच ‘बहुधा’ अशा अर्थाचा शब्द आहे, तो बातम्यांनी गाळला. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की आकाशगंगेच्या मध्यभागी जो ताऱ्यांचा लांबट पट्टा फिरतो त्याच्या ओढीनेसुद्धा असे घोळके तयार होऊ शकतात, त्यासाठी वेगळ्या तुकड्यांची गरज नाही. हे भांडण अजून चालू आहे आणि मिटेल तर आणखी नीट वर्णपट घेऊनच मिटेल.

आपल्या सूर्याचंच घ्या ना. वय ४.६ अब्ज वर्षं, आणि आकाशगंगेत आज तो जिथे आहे तिथल्या त्याच्या वयाच्या ताऱ्यांच्या मानाने त्याच्यात धातू जरा जास्त आहेत. केंद्राकडे पाणी लवकर गढूळ होतं, म्हणून अंदाज असा की तो आतल्या बाजूला जन्मला आणि मग सरकत सरकत इथे आला. तेव्हापासून केंद्राभोवती त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्यात, बरोबर जन्मलेली भावंडं केव्हाच पांगली. रसायन जुळवून ती शोधायचा खटाटोप चालू आहे, २०१४ मध्ये एचडी १६२८२६ हा एक तारा भावंड असावा असं जाहीर झालं होतं, पक्कं काही नाही अजून. बघायचा असेल तर तो शौरी तारकासमूहात आहे, अभिजित ताऱ्यापासून फार लांब नाही, ११० प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, साधी द्विनेत्री पुरते.